केनेडींची कंबर

अमेरिकेचे पस्तिसावे अध्यक्ष जॉन केनेडी म्हटले की उन्हात रापलेला, दाट केसांचा, हसरा चेहरा डोळ्यांपुढे येतो. २० जानेवारी १९६१ रोजी त्यांनी शपथ घेतली तेव्हा त्यांचे वय अवघे ४३ होते. निरोगी, उमद्या पुरुषाचे चित्र म्हणून जगाने हा चेहरा घरोघरी पाहिला. प्रत्यक्षात तो रापलेला रंग काही अंशी आजाराचा होता, आणि कोटाच्या आत कंबरेला नाड्यांनी आवळलेला पट्टा होता. मोजे चढवायलाही काही दिवस दुसऱ्याची मदत लागत असे.

माझ्याकडे कंबरदुखीची तक्रार घेऊन येणारे बरेच पुरुष तपासणी संपली, चिठ्ठी लिहून झाली की उठतात, दारापर्यंत जातात आणि तिथून परत फिरतात. मग खाल्या आवाजात खरा प्रश्न येतो. हा प्रश्न समजावून सांगायला केनेडींच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. त्यात कंबरदुखीबरोबर येणारे जवळजवळ सगळे काही आहे, आणि एका लोकप्रिय गैरसमजाला छेद देणारेही आहे.

२९ मे १९१७ रोजी बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावी जन्मलेला हा मुलगा लहानपणापासून आजारी. हार्वर्डमध्ये फुटबॉल खेळताना पाठीला दुखापत झाली, असे घरचे सांगत. पाठीमुळे लष्कराने नाकारले, तेव्हा वडिलांच्या ओळखीने नौदलात वर्णी लागली. २ ऑगस्ट १९४३ च्या मध्यरात्रीनंतर सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्यांच्या पीटी-१०९ या छोट्या युद्धनौकेचे दोन तुकडे केले. तेरांपैकी दोघे गेले. भाजलेल्या एका सहकाऱ्याच्या लाइफजॅकेटचा पट्टा दातात धरून केनेडी कित्येक तास पोहत बेटाला लागले. या पराक्रमाने पदक मिळाले. कंबर मात्र आणखी बिघडली.

जून १९४४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली. मणक्यांमधली चकती सरकली असेल असा अंदाज होता. उघडून पाहिले तर तशी सरकलेली चकती आढळली नाही; थोडे मऊ झालेले कूर्चेचे द्रव्य काढून जखम शिवली. दुखणे थांबले नाही. आजही कंबरदुखीत हे घडते. फोटोत दिसणारा दोष आणि दुखणे यांचे नाते आपल्याला वाटते तितके सरळ नसते.

१९४७ मध्ये लंडनला असताना ते कोसळले आणि अ‍ॅडिसन रोगाचे निदान झाले. मूत्रपिंडांच्या टोकांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी पुरेसे संप्रेरक तयार करत नव्हत्या. थकवा, वजन घटणे, रक्तदाब उतरणे, त्वचा काळवंडणे ही या रोगाची लक्षणे. मग स्टिरॉइड आले. आधी मांडीच्या त्वचेखाली बसवायच्या गोळ्या, नंतर तोंडाने घ्यायचे कॉर्टिसोन. औषधाने जीव वाचवला. बाहेर मात्र सांगितले गेले की हा युद्धातला मलेरिया.

१२ सप्टेंबर १९५३ रोजी न्यूपोर्टला जॅकलिन बूव्हिए यांच्याशी लग्न झाले. ते तेव्हा सिनेटर होते. वर्ष सरताना ते कुबड्यांवर आले. अ‍ॅडिसनच्या रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचा खेळ, म्हणून बोस्टनच्या डॉक्टरांनी नकार दिला. केनेडींनी न्यू यॉर्क गाठले. २१ ऑक्टोबर १९५४ रोजी हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये मणके जोडून धातूची पट्टी बसवण्यात आली. पाठोपाठ मूत्रमार्गात जंतुसंसर्ग, बेशुद्धी. धर्मगुरूंना बोलावून अखेरचे संस्कारही उरकले गेले. ते वाचले, पण जखम भरेना. फेब्रुवारी १९५५ मध्ये पट्टी काढावी लागली. पाठीवर उघडे राहिलेले ते छिद्र रोज साफ करून मलमपट्टी करायला जॅकलिन शिकल्या. नाव न देता ३७ वर्षांचा पुरुष रुग्ण म्हणून ही केस त्याच वर्षी शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात छापली गेली.

इथे क्षणभर थांबू. लग्नाला जेमतेम वर्ष झालेले, नवरा पालथा पडून, बायको त्याची जखम धुते आहे. अशा घरात शरीरसंबंधाचे काय होते हे डॉक्टर विचारत नाहीत, आणि नवराबायको एकमेकांनाही विचारत नाहीत. वेदनेची भीती आधी येते. कुठल्या हालचालीला चमक निघेल या धास्तीत स्नायू आवळून धरले जातात. ताठरता यायला मज्जासंस्था निवांत लागते. सावध, घाबरलेल्या शरीरात ती येतानाच ओसरते. एकदा असे झाले की पुढच्या वेळी दुखण्याच्या जोडीला अपयशाची भीती असते. झोप मोडते, मन खचते, इच्छा मावळते. पुरुष पाठ फिरवून झोपतो आणि बायकोला वाटते आपण त्याला नकोशा झालो. शेजारी झोपलेल्या दोघांत हा गैरसमज वर्षानुवर्षे मुक्काम करतो.

केनेडींच्या बाबतीत मात्र इच्छा मावळली असे कुणी म्हणणार नाही. त्यांच्या विवाहबाह्य संबंधांवर चरित्रकारांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. त्यांचे कौतुक करण्याचे कारण नाही. वैवाहिक सुखाची ती खूणही नव्हे. पण कंबर गेली म्हणजे पुरुषत्व गेले, हा समज या आयुष्यापुढे टिकत नाही. त्यांना मुलेही झाली: १९५६ मध्ये एक मुलगी मृत जन्मली, १९५७ मध्ये कॅरोलाइन, १९६० मध्ये जॉन, आणि ऑगस्ट १९६३ मध्ये पॅट्रिक, जो दोनच दिवस जगला.

आपल्याकडे तर समज उलट्या बाजूनेही बसलेला आहे. धातू गेल्याने कंबर दुखते असे मानून कितीतरी तरुण बायकोपासून दूर राहतात आणि भिंतींवरच्या जाहिराती वाचून पैसे घालवतात. वीर्य जाण्याने कंबर दुखत नाही, एवढे स्पष्ट सांगतो आणि पुढे जातो.

१९५५ पासून डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी केनेडींच्या पाठीची सूत्रे हाती घेतली. स्नायूंच्या दुखऱ्या गाठींत त्या प्रोकेन टोचत. डावा पाय आखूड आहे हे ओळखून त्यांनी त्या बुटाची टाच उंच करवली, बसायला झुलती खुर्ची दिली. १९६१ मध्ये अध्यक्षांच्या वैद्य झालेल्या त्या पहिल्या स्त्री. पण त्याच वर्षी मे महिन्यात ओटावाला झाड लावण्याच्या समारंभात फावड्याने माती उचलताना कंबर पुन्हा धरली. जूनमध्ये व्हिएन्नाला ख्रुश्चेव्ह यांच्यासमोर बसायचे होते. प्रोकेनची इंजेक्शने वाढत गेली, शिवाय डॉ. मॅक्स जेकबसन अ‍ॅम्फेटामीन टोचत होते ते वेगळेच.

त्यांच्या वैद्यकीय कागदपत्रांतली औषधांची यादी वाचताना छाती दडपते. कोडीन, डेमेरॉल, मेथाडोन ही अफूच्या जातीची वेदनाशामके, झोपेसाठी बार्बिच्युरेट, स्टिरॉइड, आणि टेस्टोस्टेरॉन. शेवटचे नाव वाचून भुवया उंचावतील, पण ते वजन आणि उत्साह टिकवण्यासाठी दिले जात होते. एरवी अफूवर्गातली वेदनाशामके दीर्घकाळ घेतली की मेंदूतून पुरुषाच्या वृषणांना जाणारा संदेश मंदावतो आणि टेस्टोस्टेरॉन घटते. जास्त मात्रेतले स्टिरॉइडही तेच करते. नैराश्यावरची काही औषधे, जी जुनाट दुखण्यातही देतात, वीर्यस्खलन लांबवतात किंवा इच्छा कमी करतात. म्हणून कंबरदुखीच्या रुग्णाने लैंगिक तक्रार सांगितली की मी आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावतो. गोळ्या मनाने बंद मात्र करू नयेत. अ‍ॅडिसनच्या रुग्णाने स्टिरॉइड अचानक थांबवले तर जीव जाऊ शकतो.

मज्जातंतू खरोखर दबून ताठरता जाणे त्या मानाने दुर्मीळ. ताठरतेचे तंतू कण्याच्या तळाकडून, त्रिकास्थीच्या भागातून निघतात. मोठी चकती सरकून तिथला तंतूंचा जुडगा आवळला गेला तर लघवी अडकते, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर होतो, ताठरता एकाएकी जाते. असे झाल्यास सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.

केनेडींना उतार पडला तो सुईने नव्हे. नौदलाचे डॉक्टर जॉर्ज बर्कली यांच्या आग्रहावरून ऑक्टोबर १९६१ मध्ये डॉ. हान्स क्राउस आले. हे तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले, गिर्यारोहणाचे वेड असलेले गृहस्थ. अध्यक्षांचे पोटाचे, पाठीचे आणि मांडीचे स्नायू पार कमकुवत झाले आहेत, हे त्यांनी पाहिले. व्हाइट हाउसमधल्या तलावाशेजारच्या व्यायामशाळेत आठवड्यातून तीन वेळा व्यायाम सुरू झाला. पोहणे आणि गरम पाण्याचे स्नान चालूच होते. काही महिन्यांत पाठ मोकळी झाली, मुलांना उचलून घेता येऊ लागले.

क्राउस यांनी जे केले ते आजच्या उपचारांच्या जवळचे आहे, आणि शय्येतल्या अडचणीलाही तेच लागू पडते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१४ मध्ये दहा जोडप्यांच्या कण्याच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपल्या गेल्या. कुशीवर झोपून संबंध ठेवा, हा सरसकट सल्ला सर्वांना लागू नाही, असे त्यात दिसले. पुढे वाकल्यावर दुखते की मागे झुकल्यावर, यावर आसन ठरते, आणि पुरुषाने हालचाल कंबरेतून न करता खुब्यातून करायची असते. फिजिओथेरपिस्ट हे शिकवू शकतात. विचारावे मात्र लागते. जमल्यास बायकोला बरोबर घेऊन जावे.

१९६३ च्या शरदात क्राउस यांना तो पट्टा आता सुटावा असे वाटत होते. २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये उघड्या मोटारीत बसताना केनेडींनी तो बांधलाच होता, वरून इलॅस्टिक पट्टीचे वेढेही घेतले होते. पहिली गोळी लागल्यावरही त्या आवळलेल्या पट्ट्याने शरीर ताठ धरून ठेवले, एरवी ते खाली झुकले असते, असे काही डॉक्टरांचे मत आहे. त्यांचे वैद्यकीय कागद इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना वाचायला मिळाले ते २००२ मध्ये, मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.