पॅट्रिक गेडिस : नकाशाआधी पायपीट

आपल्या बॅचमध्ये डॉक्टर-इंजिनियर पुष्कळ, आर्किटेक्ट मी एकटा. म्हणून स्मरणिकेसाठी माझ्या व्यवसायातल्याच कोणाबद्दल तरी लिहावे असे ठरवले, आणि नाव सुचले ते आर्किटेक्ट नसलेल्या माणसाचे!

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. (तारीख आपल्याला पाठच आहे.) लंडनला हक्सले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. मेक्सिकोत संशोधनाला गेले असता काही काळ त्यांची दृष्टी गेली. पुढे डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले खरे, पण मन शहरांत रमले. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे जोडपे एडिंबरातील जेम्स कोर्ट या जुन्या, बकाल वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून झाडलोट, चुना, दुरुस्ती सुरू केली. जे अगदीच मोडकळीला आले होते, तेवढेच पाडायचे.

१९१४ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. त्यांचे नगररचना-प्रदर्शन मागून बोटीने येत होते. ती बोट जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेने बुडवली. मित्रांनी पुन्हा नकाशे-चित्रे जमवून पाठवली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेच.

मग गावोगावची पायपीट. प्लेग आणि दाटी यांवर नगरपालिकांचा तेव्हाचा उपाय म्हणजे दाट वस्तीतून पट्टीने आखलेला रुंद रस्ता. घरे पडायची आणि उठलेली माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन तिथली दाटी वाढवायची. गेडिस गल्लीबोळांतून हिंडून पडकी घरे, मोकळे तुकडे, झाडे, विहिरी टिपून घेत. एखादे पडके घर काढून चौक मोकळा करायचा, झाड आडवे आले तर रस्त्यालाच थोडे वळण द्यायचे. ही जपून केलेली शस्त्रक्रिया स्वस्तही पडे. डासांच्या भीतीने तळी बुजवण्यालाही त्यांचा विरोध असे.

इथे माझीच एक गोष्ट कबूल करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावाच्या आराखड्यात मी रस्तारुंदीची रेघ ओढली, गल्लीत पाऊल न टाकता. पुढे गेलो तेव्हा त्या रेघेखाली एक भरलेली विहीर आणि अकरा घरे निघाली. गेडिस मी त्यानंतर वाचले.

१९१५ मध्येच मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि नीट आकाराचे अंतिम भूखंड त्यांनाच परत द्यायचे. पद्धत चांगलीच आहे, अजून चालते. पण तिच्यात मालकाचा विचार जेवढा आहे तेवढा भाडेकरूचा नाही. गेडिस शहर पाहायचे ते भाडेकरूच्या दारातून.

१९१७ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. थोरला मुलगा अलास्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲनाबाई तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून त्यांना ही बातमी कळू दिली नाही. जूनमध्ये कलकत्त्यात त्या गेल्या.

त्याच दिवाळीत गेडिस होळकरांच्या इंदूरमध्ये होते. शहरात प्लेग होता. एका दिवसापुरते त्यांना महाराज केले गेले. जो रस्ता सर्वांत स्वच्छ, तिथून मिरवणूक जाणार, असे जाहीर झाल्यावर घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, घाणीचा राक्षस होता आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगारही होते. त्या काळी त्यांना असे मानाने मिरवणे ही लहान गोष्ट नव्हती. इंदूरवरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्यानंतर तो विभाग आपल्या मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी सांभाळला. प्रकृती ढासळल्यावर गेडिस फ्रान्समध्ये माँपेलिएला गेले. १९२५ मध्ये तेल अवीवचा आराखडा त्यांनी केला. १९३२ च्या आरंभी त्यांना सर हा किताब मिळाला आणि १७ एप्रिलला माँपेलिए येथेच त्यांचे निधन झाले.