विश्लेषण : क्रिकेटचे नियम सर्वांना सारखे, मग बाळू पालवणकर कर्णधार का झाले नाहीत?

पेण-रोह्याकडे भातकापणी उरकली की मोकळ्या शेतांत टेनिस बॉलच्या मॅच सुरू होतात. षटक, पायचीत, धावबाद हे शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. खेळ मूळचा आग्नेय इंग्लंडचा. १७४४ मध्ये त्याचे नियम लिहिले गेले. तेव्हा खेळपट्टीची लांबी २२ यार्ड ठरली, ती आजही तेवढीच आहे. मुंबईत पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, पुढे हिंदूंचेही संघ उभे राहिले.

नियमांत खेळाडूच्या जातीबद्दल अवाक्षर नाही. मैदानावर मात्र जात होती, आणि तिची झळ बसली ती बाळू पालवणकर यांना.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. आडनाव मात्र कोकणातल्या गावावरून आलेले. वडील लष्करी सेवेत होते. पुण्यात पारशी क्लबची खेळपट्टी झाडण्या-दाबण्याचे काम बाळूंना मिळाले, महिना ३ रुपयांवर. मग युरोपियनांच्या क्लबने ४ रुपये देऊ केले. तिथे ते सरावासाठी साहेबांना तासन् तास गोलंदाजी करीत. डावखुरी, संथ फिरकी. जे. जी. ग्रेग हा नावाजलेला फलंदाज बाद झाला की त्यांना आठ आणे देई, असे सांगतात. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

पुण्यातल्या हिंदू क्लबने वाद घालत का होईना, त्यांना संघात घेतले. जिंकायचे तर हा गोलंदाज हवाच होता. क्रिकेटमध्ये चेंडू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातोच, त्यामुळे मैदानात विटाळ पाळणे शक्य नव्हते. तो चहाच्या वेळी पाळला जाई : बाकीचे पॅव्हेलियनमध्ये, बाळू बाहेर, हातात मातीचे भांडे.

प्लेगच्या काळात ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंची गोलंदाजी मोलाची होती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले.

एवढे करूनही कर्णधारपद सवर्ण खेळाडूंकडेच राहिले. १९२० मध्ये बाळू उपकर्णधारपदापर्यंत पोहोचले, पण पुढची पायरी १९२३ मध्ये चढला तो त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल. त्याच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी स्पर्धा जिंकली. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्यामुळे कसोटीच्या आकड्यांत त्यांना शोधून उपयोग नाही.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ते सुमारे २ हजार मतांनी हरले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.