फादर स्टीफन्स : मराठीचे परदेशी पुराणकार

अड्यार नदीच्या पलीकडे मैलापूर. तेथेच १६५६ साली रॉबर्टो दि नोबिली हे इटालियन पाद्री निवर्तले. त्यांच्या तमिळ ग्रंथांचा गौरव येथील विद्वान मंडळी आजही करतात. त्यांच्याही आधी मराठीस असाच एक सेवक लाभला होता, आणि दूरदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांस त्याचे नाव ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. ते नाव फादर थॉमस स्टीफन्स.

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांस सुखाने राहणे कठीण होते. ते रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुइट संघात शिरले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षे, १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, त्यांचे वास्तव्य मुख्यतः सासष्टीत घडले. (बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या आम्हां मंडळींस याचा हेवाच वाटावा!)

चर्चमधील उपासना तेव्हा लॅटिनमध्ये चाले. ती लोकभाषांत सर्रास होऊ लागली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. राज्यभाषा पोर्तुगीज. सासष्टीतल्या नवख्रिस्ती माणसास या दोन्ही परक्या. शिवाय जुन्या पोथ्यांवर सक्तीची बंदी आलेली. हा जुलूम होता, हे आम्ही स्पष्टच म्हणतो. पोथी गेली, तरी पुराण ऐकण्याची भूक राहिली, आणि ती स्टीफन्स यांनी ओळखली. आदामापासून येशूपर्यंतची कथा त्यांनी सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत रचली. कोकणीतील सोपे शब्द तीत मिसळले. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यासही ते कचरले नाहीत. आरंभी मराठीची जी स्तुती त्यांनी गायिली आहे, तीत रत्न, मोगरा, कस्तुरी असे एकाहून एक सुंदर दृष्टान्त येतात. जन्माने मराठी असलेल्या किती कवींनी इतक्या प्रेमाने लिहिले असेल?

त्यांचा कानही शास्त्रज्ञाचा होता. भारतीय भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते, हे त्यांनी १५८३ मध्येच भावास पत्राने कळविले. विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध व्याख्यान १७८६ चे. त्यांचे कोकणी व्याकरणही मरणोत्तर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. तमिळ खिळ्यांत पुस्तक १५७८ सालीच कोल्लम येथे छापून झाले होते. मराठीची अक्षरे पाडण्याची परवानगी स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये वरिष्ठांकडे पत्राने मागितली. जोडाक्षरांमुळे सहाशेपर्यंत जाणारे खिळे युक्तीने दोनशेंवर आणता येतील, असा हिशेबही मांडला. खिळे काही पाडले गेले नाहीत. १६१६ मध्ये रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ निघाले ते रोमन लिपीत. १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. तरी पुराण बुडाले नाही. लोकांनी ते हाताने उतरून घेतले. गोमंतक सोडून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांतही ते जपले गेले, आणि अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला जे. एल. साल्डाना यांनी ते पुन्हा छापले, अर्थात रोमन लिपीतच. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत प्रसिद्ध केले. पहिल्या आवृत्तीस तेव्हा ३४० वर्षे झाली होती.