विश्लेषण : आवाज लेकाचा, बोलणारा तोतया! एआयच्या फसवणुकीत नाना फडणवीसांचे आयुष्य काय शिकवते?

रिसोड किंवा मंगरुळपीरच्या एखाद्या घरात भरदुपारी फोन वाजतो. आवाज पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा. अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा, कुणाला सांगू नका. रडणेही अगदी त्याचेच. प्रत्यक्षात मुलगा त्या वेळी वर्गात असतो. समाजमाध्यमावरच्या त्याच्याच व्हिडीओतून काही सेकंदांचा आवाज उचलून कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे एआयने, ही नक्कल तयार केलेली असते.

तंत्र नवे असले तरी अशा माणसासाठी मराठीत शब्द जुनाच आहे : तोतया. मराठी राज्याला हादरवणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध तोतयाशी ज्यांची गाठ पडली, त्या नाना फडणवीसांच्या आयुष्यात आजच्या सायबर फसवणुकीचे जवळपास सगळे प्रकार सापडतात. अर्थात, इंटरनेटशिवाय.

नाना फडणवीस कोण होते?

मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणे कोकणातल्या वेळासचे, जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याचा. १७५६ मध्ये वडील वारले आणि फडणिशी कोवळ्या वयातच अंगावर आली. फडणवीस म्हणजे राज्याचा हिशेब आणि दप्तर सांभाळणारा अधिकारी. वयाच्या अठराव्या वर्षी ते आई आणि पत्नीसह सदाशिवरावभाऊंच्या लष्कराबरोबर उत्तरेत गेले. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सारे उधळले. नाना कसेबसे जिवंत परतले, आई मात्र त्या धामधुमीत गेली. या अनुभवाची हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

‘ध’ चा ‘मा’ : संदेशात फेरफार

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादांनी पुतण्याला धरण्याचा हुकूम दिला आणि आनंदीबाईंनी कागदावरच्या ‘ध’ चा ‘मा’ करून धरावेचे मारावे केले, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. आनंदीबाईंनी खरेच अक्षर बदलले का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीत मात्र दोष राघोबादादांवर आला. पुढे नाना, सखारामबापू आदींनी बारभाईंचे कारस्थान उभे केले आणि १८ एप्रिल १७७४ला पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार सुरू झाला.

पाठवलेला मजकूर आणि पोहोचलेला मजकूर एकच आहे याची खात्री कशी करायची, हा प्रश्न तेव्हाही होता. म्हणून सरकारी पत्रावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, जेणेकरून त्याखाली कुणी काही वाढवू नये. शिक्कामोर्तब हा शब्द तिथूनच आला. आजची डिजिटल स्वाक्षरी हेच काम गणिताने करते : एक अक्षर बदलले तरी पडताळणी फसते. सामान्य वापरकर्त्याचा मोर्तब त्याहून साधा आहे. बँकेचा किंवा किसान योजनेचा म्हणून मेसेज आला, तर त्यातली लिंक दाबायची नाही. पासबुकावर छापलेल्या नंबरावर फोन करून विचारायचे. पूर्वी असे मेसेज मोडक्यातोडक्या मराठीवरून ओळखू येत. आता एआय शुद्ध मराठी लिहिते, त्यामुळे ती खूण गेली.

तोतयाचे बंड काय होते?

पानिपतावर भाऊंचे नेमके काय झाले, याची पुण्यात पुष्कळांना खात्री नव्हती. पार्वतीबाईंनी तर आपण विधवा झालो हे कधी मानलेच नाही. तोतयांना अशीच जागा लागते, जिथे लोकांना एखादी गोष्ट खरी असावी असे मनापासून वाटत असते. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊ म्हणून पुढे आला. त्याला पकडून कोकणात कैदेत ठेवले. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरील अधिकाऱ्यानेच त्याला बाहेर काढले आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले. हजारोंची फौज घेऊन तो बोरघाटापर्यंत आला.

फसलेले लोक मूर्ख नव्हते. चेहऱ्यात साम्य होते, आणि किल्ल्यांवरच्या शिबंदीपैकी बहुतेकांनी खऱ्या भाऊंना जवळून कधी पाहिलेच नव्हते. नाना मात्र पानिपतापर्यंत भाऊंच्या सहवासात राहिलेले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी तोतयाचा पाडाव केला, पळून जाताना तो आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात आणल्यावरही लगेच निकाल लावला नाही. रीतसर चौकशी झाली, ओळखणाऱ्यांसमोर त्याला उभे केले आणि मगच डिसेंबर १७७६ मध्ये देहदंड दिला.

चेहरा आणि आवाज हा पुरावा नव्हे, हे २०२४ मध्ये हाँगकाँगमध्ये पुन्हा दिसले. एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडीओ कॉलवर वरिष्ठांना पाहिले आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे वरिष्ठ डीपफेक होते. यावर उपाय जुनाच, दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट विचारणे. घरात एक परवलीचा शब्द ठरवा. तो शेतातल्या जागेचे नाव असो की जुन्या बैलाचे, फक्त समाजमाध्यमावर कुठेही आलेला नसावा. शब्द आठवला नाही, तर फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरावर स्वतः कॉल करा. व्हिडीओ कॉलवर पोलिसाचा गणवेश दिसला, तरी कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही.

इतका सावध माणूस फसला कसा?

नानांची खरी ताकद बातमीत होती. हैदराबादेत गोविंदराव काळे, दिल्लीत हिंगणे असे वकील आणि ठिकठिकाणचे बातमीदार त्यांना पत्रे धाडत. वऱ्हाडात तेव्हा निजाम आणि नागपूरकर भोसल्यांचा दुहेरी अंमल होता. वाशीमचे बालाजी मंदिर भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी त्याच शतकात बांधले. भोसल्यांच्या दरबारातल्या हालचालीही पुण्याला पत्रांनी कळत. सालबाईचा तह (१७८२), खर्ड्याची लढाई (१७९५) या सगळ्यांतून नाना तरले.

आणि ३१ डिसेंबर १७९७ला अलगद सापडले. दौलतराव शिंद्यांच्या भेटीला जाण्याबाबत त्यांच्या मनात शंका होती. शिंद्यांच्या फौजेतला अधिकारी मायकेल फिलोज याने सुरक्षिततेचा शब्द दिला. तो प्रमाण मानून नाना छावणीत गेले आणि तिथेच कैद झाले. रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात.

इथे नक्कल नव्हती, कागदही खोटा नव्हता. फक्त मधला माणूस दुसऱ्याच्या बाजूचा होता. आज मावसभावाच्या व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिका येते. नंबर त्याचाच असतो, पण खाते चोरलेले. पत्रिका म्हणून आलेली फाइल शेवटी एपीके लिहिलेली असेल, तर ते ॲप आहे. इन्स्टॉल केले आणि परवानग्या दिल्या, की ओटीपीचे मेसेज परस्पर वाचले जातात. पाठवणारा ओळखीचा असला तरी अशी फाइल उघडू नका.

१७९८ मध्ये नाना सुटले, पुन्हा कारभारात आले, पण पूर्वीचा वचक राहिला नव्हता. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पैसे गेलेच तर?

लाज वाटून दोन दिवस गप्प बसणे सर्वांत महाग पडते. रक्कम काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात फिरते. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवले, तर बँकांना ती मध्येच रोखता येण्याची शक्यता असते. ऑनलाइन तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातले नानांचे दप्तर टिकले, म्हणून त्यांच्या काळातले व्यवहार आज उलगडतात. तक्रारीतही तसेच आहे. रागाच्या भरात ते चॅट पुसू नका. कॉलची वेळ, नंबर, व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट घेऊनच पोलिस ठाणे गाठा.