‘ऐच्छिक’ मराठीचे अक्षरकार : र. कृ. जोशी

विंडोज एक्स्पी ही संगणकप्रणाली २००१ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यात मराठी होती आणि नव्हतीही. नांदेड वा लातूरच्या बाजारात घेतलेल्या नव्या संगणकावर ती आपोआप उमटत नसे. कंट्रोल पॅनेलमधील भाषाविषयक पर्याय उघडून गुंतागुंतीच्या लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे, मूळ सीडी घालावी लागे आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागे. अरबी, थाई आणि भारतीय लिप्यांचा मिळून सुमारे दहा मेगाबाइटचा हा ऐवज कंपनीने ऐच्छिक ठरविला होता. ज्याच्याजवळ मूळ सीडी नसे, त्याचे घोडे तेथेच अडे. चौकटीतील या एका खुणेनंतर पडद्यावर येणारी ‘मंगल’ फाँटची अक्षरे ज्यांच्या हातून घडली, ते रघुनाथ कृष्ण जोशी मात्र अक्षरकलेच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

१९३६ साली जन्मलेल्या जोशी यांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाले. पुढे जाहिरातक्षेत्रात, विशेषतः ‘उल्का’ संस्थेत, कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी नाव कमावले. याच काळात लघुनियतकालिकांच्या चळवळीतील कवी म्हणूनही ते ओळखले जात. अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ उभा करणारी मूर्त कविता मराठीत आणणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९८३ पासून त्यांनी मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले. तेथून पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे नंतरच्या सी-डॅक मुंबईत, ते अक्षररचनेच्या कामात गुंतले. बोरू धरणारा हात संगणकापाशी आला, हे मराठीचे भाग्यच म्हणावे लागेल.

तोवर मराठीचा संगणकीय कारभार ज्याच्या त्याच्या फाँटवर चाले. नांदेडहून पाठविलेला मजकूर लातूरच्या संगणकावर तोच फाँट नसेल, तर इंग्रजी चिन्हांचा निरर्थक पसारा होऊन उघडे. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. पण क्रमांक दिला म्हणजे अक्षर दिसलेच, असे नव्हे. कोणत्या लिप्या हाताळायच्या हे ते प्रमाण आज्ञावली तयार करणाऱ्यावर सोपविते. शिवाय युनिकोडमध्ये ‘जिल्हा’ हा शब्द ज, वेलांटी, ल, हलन्त, ह आणि काना अशा सुट्या क्रमाने साठविला जातो. वेलांटी ‘ज’च्या आधी नेणे आणि ‘ल्हा’ जोडणे हे काम प्रणालीतील वेगळ्या भागाचे. तो बसविलेला नसेल, तर ‘मराठवाडा’ हा शब्द धडपणे दिसे, कारण त्यात जोडाक्षर नाही आणि वेलांटीही नाही. ‘जिल्हा परिषद’ मात्र मोडून पडे.

जोडणीचा भाग आज्ञावलीने सांभाळला, तरी जोडलेले रूप फाँटमध्ये असावे लागते. जोशी यांचे काम येथे सुरू होई. कोणते जोडाक्षर उभे रचायचे, कोणते आडवे, रफार नेमका कोठे बसवायचा, पडद्यावरील मोजक्या ठिपक्यांत अक्षराचे पोट बुजू कसे द्यायचे नाही, याचे निर्णय एकेका अक्षरासाठी घ्यावे लागत. ‘मंगल’ प्रथम विंडोज २००० मध्ये आला. त्यानंतर गुजरातीसाठी ‘श्रुती’, गुरुमुखीसाठी ‘रावी’, तेलुगूसाठी ‘गौतमी’, कन्नडसाठी ‘तुंगा’ हे फाँट त्यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाले. ‘रघू’ हा देवनागरी फाँट तर मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. लिनक्सवर मराठी आणू पाहणाऱ्यांना त्याचा मोठाच आधार मिळाला.

विंडोज व्हिस्टा २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि भारतीय लिप्यांसाठी खूण करण्याची अट संपली. जोशी यांना हे पाहता आले. ५ फेब्रुवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. वैदिक स्वरचिन्हांना युनिकोडमध्ये स्थान मिळावे, म्हणूनही ते सहकाऱ्यांसह खपले होते. त्या चिन्हांचा स्वतंत्र विभाग पुढच्याच वर्षी युनिकोडमध्ये दाखल झाला.

‘मंगल’वर मराठी वाचकांचा एक आक्षेप राहिला आणि तो रास्त होता. संपूर्ण देवनागरीसाठी घडविलेल्या या फाँटने ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे घेतली होती. लातूरकरांना आपल्या गावाचे पहिलेच अक्षर परके वाटावे, असा हा प्रकार. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांना मान्यता दिली. फाँटच्या ओपनटाइप प्रमाणात एकाच फाँटमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे ठेवण्याची सोय आहे. मजकूर मराठी आहे हे कळले की आज्ञावलीने मराठी वळण निवडावे, अशी ती योजना. ही सोय फाँटमध्ये ठेवणे आणि आज्ञावलीने ती पाळणे, दोन्ही ऐच्छिक आहे. त्यामुळे ‘लातूर’मधला ‘ल’ अजूनही कित्येक पडद्यांवर हिंदी वळणाचाच दिसतो.