भैयासाहेब गणपतराव आणि बाजाची पेटी

ग्वाल्हेरचे नाव निघाले की संगीतप्रेमी माणसास प्रथम तानसेनाची समाधी आठवते आणि मागोमाग हद्दू-हस्सू खाँ यांचा ख्याल. आपल्या लष्करात, नया बाजारात लहानाचे मोठे होणाऱ्या मुलांच्या कानांवर ही नावे सहज पडतात. भैयासाहेब गणपतरावांचे नाव त्या मानाने क्वचितच निघते. एका परदेशी वाद्यास हिंदुस्थानी गळ्याची भाषा शिकविणारा हा पुरुष याच नगरीतला, आणि तोही शिंदे घराण्यातला होता.

महाराज जयाजीराव शिंदे यांची कारकीर्द इ.स. १८४३ ते १८८६ अशी झाली. गणपतराव हे त्यांचे पुत्र. मातोश्री चंद्रभागाबाई या गानकुशल होत्या. राजाच्या पोटी जन्म, परंतु गादीवर हक्क नाही, अशी त्यांची स्थिती होती. राज्य पुढे माधवराव महाराजांकडे गेले; गणपतरावांच्या वाट्यास आईचे गाणे आले. वाटणीत ते उणे पडले असे मला वाटत नाही.

त्या काळी ग्वाल्हेर म्हणजे ख्यालाची काशी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे विद्यार्थी अतोनात हाल सोसून विद्येसाठी येथवर येत. अशा गावात वाढलेल्या गणपतरावांचे मन जडले ते ठुमरीवर. लखनौकडील उस्ताद सादिक अली खाँ यांच्याकडे त्यांनी तिचे शिक्षण घेतले आणि सुघरपिया या नावाने स्वतः ठुमऱ्या रचल्या. ख्यालाच्या भारदस्त मंडळींत ठुमरी हलकी समजली जाई. तीत शब्द थोडे असतात. परंतु तोच शब्द पुनःपुन्हा नव्या स्वरांत घोळवून त्यातून कधी रुसवा, कधी आर्जव, कधी विरह दाखवावयाचा असतो. यासच बोल बनविणे म्हणतात.

ठुमरी हलकी, तर त्यांनी निवडलेले वाद्य त्याहून उपेक्षित. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेन याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. मिशनरी व साहेब लोक यांच्याबरोबर ते वाद्य हिंदुस्थानात आले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्यास मांडी घालून बसणाऱ्या वादकाच्या सोयीचे रूप दिले. तीच आपली बाजाची पेटी.

या पेटीची रचना विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. आत पितळी पत्त्यांच्या ओळी असतात. जाड आवाजाची खर्ज, मधल्या आवाजाची नर आणि काही पेट्यांत बारीक आवाजाची मादी. पुढच्या खुंट्या ओढल्या की त्या त्या ओळीकडे वारा जातो. आत ढकलल्या की ती ओळ मुकी होते. कपलर असेल तर एक पट्टी दाबली असता दुसऱ्या सप्तकातील तोच स्वर आपोआप साथीस येतो. आज स्नेहसंमेलनात वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर एका पट्टीखाली दोन-तीन आवाज एकावर एक चढवितात व त्यांतला एखादा हवा तेव्हा मंद किंवा बंद करितात. ती सोय विजेने होते एवढेच. विचार जुना आहे.

परंतु सर्व खुंट्या उघडून जोराने भाता मारला तर गाणाऱ्याचा गळा बुडतो. शिवाय पेटीचे स्वर ठरलेले. तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा पेटीचा गंधार किंचित चढा असतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तर तिला येतच नाही. ठुमरीचा सगळा जीव त्या घसरण्यात! मग साथ करणाऱ्याने काय करावे? आवाज आवरावा, गळा एखाद्या स्वरावर रेंगाळला की भात्याचा वारा कमी करून आपण मागे राहावे, आणि एक पट्टी सुटण्यापूर्वी दुसरीवर अलगद उतरावे, म्हणजे मधली फट कानास कळत नाही. गणपतरावांच्या बोटांची कीर्ती याच गुणासाठी झाली. ते वाजवीत तेव्हा पेटी गाते आहे असा भास होई, असे जाणकार सांगत आले आहेत.

राजपुत्राने गायिकेच्या मागे बसून साथ करावी, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. साथीदाराचे स्थान बैठकीत खालचे मानले जाई. गणपतरावांनी तो मान-अपमान मनावर घेतला नाही. ग्वाल्हेर सोडून ते बनारस, कलकत्ता अशा ठिकाणी वावरले. हिंदुस्थानातील पहिल्या ध्वनिमुद्रणांत, १९०२ साली, जिचा आवाज घेतला गेला त्या गौहरजानने त्यांच्याकडून ठुमरी घेतली. आग्र्याच्या मलकाजाननेही घेतली. बनारसच्या मौजुद्दीन खाँच्या गळ्यातून तर त्यांची ठुमरी घरोघर पोहोचली. गयेचे गफूर खाँ आणि कलकत्त्याचे श्यामलाल खत्री यांनी पेटीचा वारसा उचलला. इ.स. १९२० च्या सुमारास धोलपूर येथे गणपतरावांचे देहावसान झाले.

त्यानंतर वीसएक वर्षांनी, १९४० साली, ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. स्वर ठरीव आहेत, मींड निघत नाही, हाच आक्षेप होता. म्हणजे गणपतरावांनी जन्मभर ज्या अडचणीशी बोटांनी झुंज घेतली तीच. ही बंदी सैल होण्यास सुमारे तीस वर्षे लागली. तोवर मैफलीत, कीर्तनात, नाटकगृहात पेटी वाजतच होती. गणपतरावांचे शिष्य गिरिजाशंकर चक्रवर्ती कलकत्त्यात १९४८ पर्यंत ठुमरी शिकवीत होते, आणि त्यांच्या शिष्या नैनादेवी यांनी ती दिल्लीस नेऊन विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत जागती ठेविली.