दुर्गा खोटे

इ. स. १९१३ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार करीत होते. तारामतीचे काम करावयास एकही स्त्री पुढे येईना. अखेर साळुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली. चित्रपटात काम करणे कुलीन स्त्रीला कमीपणाचे मानले जाई. पुढे १९३२ साली त्याच कथेवरील ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटात तारामती म्हणून उभ्या राहिल्या दुर्गा खोटे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईस लाड घराण्यात झाला. वडील सॉलिसिटर होते. मुलींचे शिक्षण दुर्मीळ असलेल्या त्या काळात दुर्गाबाई महाविद्यालयापर्यंत शिकल्या. विवाहानंतर त्या खोट्यांच्या संपन्न घरी आल्या. परंतु दैव फिरले. सासरचे वैभव लयास गेले आणि दोन लहान मुलांचा भार त्यांच्यावर पडला. त्यांनी शिकवण्या धरल्या. पण तेवढ्याने भागेना. म्हणून १९३१ साली एका चित्रपटात त्यांनी लहानशी भूमिका केली. तो चित्रपट सुमार निघाला. समाजाने दुर्गाबाईंनाच बोल लावला.

अशा वेळी व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामतीची भूमिका देऊ केली. पुन्हा निंदा होण्याची भीती होतीच. तरीही दुर्गाबाईंनी ते काम पत्करले. वैभव गमावलेल्या त्या मातेचे दुःख त्यांना परके नव्हते. त्यांची तारामती लोकांच्या अंतःकरणाला भिडली. पुढे ‘अमर ज्योती’तील निर्भय सौदामिनी आणि ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाई अशा अनेक भूमिका त्यांनी गाजविल्या.

अमेरिकेत ल्युसिल बॉल ही चित्रपटनटी १९५१ साली दूरचित्रवाणीवर आली. तिने व तिच्या पतीने स्वतःच्या कंपनीमार्फत ‘आय लव्ह ल्युसी’ ही विनोदी मालिका काढली व ती घरोघरी पोहोचली. आपल्याकडे मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले. तेव्हा दुर्गाबाईंनी सत्तरीकडे वाटचाल केली होती. तरीही हे नवे माध्यम त्यांनी आपलेसे केले. त्यांच्या संस्थेने १९८८ साली आणलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका लोकांना फार आवडली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेल्या त्या साध्या संसारात प्रत्येकाला आपले घर दिसले.

शासनाने दुर्गाबाईंना १९६८ साली पद्मश्री दिली. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना लाभला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा हा सन्मान होता. २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई निवर्तल्या.

लोकांनी हलके मानलेले काम दुर्गाबाईंनी निष्ठेने केले आणि त्या कामालाच प्रतिष्ठा मिळवून दिली.